वाण तेच, गादमाशी वेगळी : धानाची प्रतिकारशक्ती का मोडते?

(नागरा, जि. गोंदिया येथे धान उत्पादक शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. कागदावर सीमा पडली, पण तलाव, बोड्या, बांध्या आणि धानावरच्या किडी दोन्हीकडे सारख्याच राहिल्या. त्यांपैकी गादमाशी तुम्हा सर्वांच्या ओळखीची आहे. रोवणी होऊन धान फुटव्यावर आले, की कांद्याच्या पातीसारखे पांढुरके पोकळ नळ दिसू लागतात. त्यांना आपण चंदेरी पोंगे म्हणतो. ज्या फुटव्याचा पोंगा झाला, त्याला लोंबी येत नाही.

धानाच्या गावात गेले, की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, गादमाशीला प्रतिकारक म्हणून बियाणे आणले. पहिली काही वर्षे पोंगे दिसले नाहीत. आता त्याच धानावर पोंगे पडतात. बियाणे खोटे निघाले का?"

बियाण्यात भेसळ असू शकते, ती कशी ओळखायची तेही पुढे सांगणार आहे. परंतु पुष्कळदा बियाणे खरे असते, वाण तोच असतो आणि बदललेली असते ती माशी. एवढा लहान जीव, आयुष्य दोन-तीन दिवसांचे, तो कसा बदलतो? त्यात आपला हात किती? आणि हा बदल लांबवणे आपल्याला जमेल का? आज याच तीन प्रश्नांवर बोलू.

माशीचा जीवनक्रम

गादमाशी डासाएवढी असते. मादीचे पोट लालसर असते. ती धानाच्या पानांवर शंभरापासून दोन-तीनशेपर्यंत अंडी घालते. तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. दमट, ढगाळ हवा आणि झिमझिम पाऊस असला, की बारीक अळी पानाच्या खोळीतून सरकत खाली कोंबापर्यंत पोहोचते. तेथे ती खाऊ लागते, तेव्हा तिच्या लाळेमुळे झाडाची वाढच बिघडते. लोंबीसाठी वाढायचा कोंब पोकळ नळ बनतो आणि त्या नळातच अळीचा कोष होतो. माशी नळाच्या टोकाजवळ भोक पाडून बाहेर पडते. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे पऱ्ह्यापासून लोंबी धरेपर्यंतच्या काळात माशीच्या अनेक पिढ्या होऊन जातात. एकदा लोंबी धरायला लागली, की पुढे नवे पोंगे होत नाहीत.

तीन आठवड्यांची पिढी ही गोष्ट ध्यानात ठेवा. आपण धानाचा वाण वर्षातून एकदा बदलू शकतो. तेवढ्यात माशीच्या कितीतरी पिढ्या उलटलेल्या असतात.

एका शिवारातल्या सगळ्या माशा सारख्या नसतात

धानाच्या बांधीकडे दुरून पाहिले, तर सारे पीक एकसारखे दिसते. जवळ जाऊन पाहणाऱ्याला मात्र एखादे झाड वेगळे दिसते. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली पटेल-३ या धानाच्या बांधीत तीन लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या राखल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडल्या. त्यातून एचएमटी हे बारीक धान उभे राहिले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला मिळाले आणि ते विदर्भाबाहेरही पोहोचले. दादाजींनी शून्यातून काही निर्माण केले नाही. निसर्गाने बांधीत जी विविधता ठेवली होती, ती त्यांनी ओळखली आणि निवडली.

गादमाशीचेही तसेच आहे. एका शिवारातल्या माशा दिसायला सारख्या, पण त्यांच्या जनुकांत थोडाथोडा फरक असतो. बहुतेकींच्या अळ्या प्रतिकारक धानावर मरतात. एखादीची अळी मात्र तेथेही तग धरते. ही एखादी माशी नव्या वाणाला पाहून तयार झालेली नसते. ती आधीपासूनच वस्तीत असते, थोड्या संख्येने आणि कोणाच्या नजरेत न येता.

निवड आपला वाण करतो

हिशोब समजण्यासाठी काही आकडे धरून चालू. समजा, शिवारात गादमाशीच्या एक लाख अळ्या आहेत आणि त्यांत प्रतिकारक धानावर जगू शकणाऱ्या शंभरच आहेत, म्हणजे हजारात एक. साधे धान लावले, तर सगळ्याच जगतात आणि प्रमाण हजारात एकच राहते. आता गावाने एकमताने एकच प्रतिकारक वाण लावला. ९९,९०० अळ्या मेल्या. शेतकरी खूश झाला, आणि खरेच पीक चांगले आले. पण उरलेल्या शंभरांना आता खायला सगळे शिवार मोकळे आहे आणि त्यांचे लग्नही एकमेकांतच लागणार. शंभरांत पन्नास माद्या धरा आणि एका मादीची फक्त दहा पिले जगली असे धरा. पुढची पिढी पाचशेची, त्यापुढची अडीच हजारांची, मग साडेबारा हजारांची आणि चौथी साडेबासष्ट हजारांची. आणि या सगळ्या त्याच वाणावर जगणाऱ्या.

प्रत्यक्षात हे इतक्या वेगाने होत नाही. आजूबाजूच्या साध्या धानावरून साध्या माशा येतात, परोपजीवी कीटक पुष्कळ अळ्या मारतात, हवामान आड येते. पण दिशा हीच असते. दादाजींनी तीन लोंब्या निवडल्या तशी आपला वाण माशी निवडत असतो. फरक एवढाच, की दादाजींना आपण काय निवडतो आहोत ते ठाऊक होते.

शास्त्रात यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. उत्क्रांती म्हटले, की लाखो वर्षांची गोष्ट डोळ्यांपुढे येते. आपल्या बांधीत ती एका शेतकऱ्याच्या हयातीत घडते.

गादमाशीचे जैवप्रकार

हा केवळ तर्क नाही, देशात तसे घडले आहे. १९७० च्या दशकात सुरेखा, फाल्गुना असे प्रतिकारक वाण आले. त्यांतील प्रतिकारशक्ती सयाम २९ या धानातून आली होती आणि ती जीएम २ या एका जनुकावर उभी होती. हे वाण मोठ्या क्षेत्रावर पसरले. १९८० च्या दशकात उत्तर आंध्रमधील श्रीकाकुलम भागात त्यांच्यावर पोंगे पडू लागले. बियाणे खरे होते, माशी वेगळी निघाली.

मग शास्त्रज्ञांनी ठिकठिकाणच्या माशा ओळखण्यासाठी एक सोपी परीक्षा ठरवली. चार प्रकारची धाने शेजारी शेजारी लावायची आणि कोणत्यावर पोंगे येतात ते पाहायचे. पहिल्या गटात डब्ल्यू १२६३ (जनुक जीएम १), दुसऱ्यात फाल्गुना (जीएम २), तिसऱ्यात ए.आर.सी. ५९८४ (जीएम ५) आणि चौथ्यात कोणतीही प्रतिकारशक्ती नसलेले तायचुंग नेटिव्ह १. निकाल असा दिसतो :

जैवप्रकार १ : पहिले तीनही गट टिकतात.
जैवप्रकार २ : पहिला गट बळी पडतो, दुसरा व तिसरा टिकतात.
जैवप्रकार ३ : दुसरा गट बळी पडतो, पहिला व तिसरा टिकतात.
जैवप्रकार ४ : पहिला आणि दुसरा दोन्ही बळी पडतात, तिसरा टिकतो.
जैवप्रकार ५ : पहिला व दुसरा टिकतात, तिसरा बळी पडतो.
जैवप्रकार ६ : पहिला टिकतो, दुसरा व तिसरा बळी पडतात.

पुढे तेलंगणातील वरंगळ भागात चारही गटांवर पोंगे आणणारी माशी सापडली. तिची नोंद २००६ साली प्रसिद्ध झाली. तिला ४-एम म्हणतात.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की भंडारा भागातील गादमाशीची नोंद चौथ्या जैवप्रकारात आहे. तेव्हा छत्तीसगडातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या नातेवाइकाकडे जे धान गादमाशीला दाद देत नाही, ते आपल्याकडेही टिकेलच असे नाही. पिशवीवर 'प्रतिकारक' हा शब्द वाचला, की लगेच विचारायचे : कोणत्या भागातल्या माशीला?

माशीच्या जनुकाचा एक गुण

जीएम २ असलेल्या धानावर जगण्याचा गुण माशीत एका जनुकामुळे येतो, असे संकराच्या प्रयोगांतून दिसले. हे जनुक अप्रभावी आहे आणि लिंगाशी जोडलेले आहे. सोप्या शब्दांत सांगायचे, तर मादीत त्याच्या दोन प्रती असतात. दोन्ही तशाच असतील, तरच ती त्या धानावर जगते. एक तशी आणि एक साधी असेल, तर गुण झाकलेला राहतो आणि अळी मरते. नरात एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्यात गुण झाकला जात नाही.

याचा व्यवहारातला अर्थ काय? तगून राहिलेल्या मादीचा संबंध साध्या नराशी आला, तर तिच्या मुलींना एक प्रत बापाकडून साधी मिळते आणि त्या प्रतिकारक धानावर मरतात. म्हणून आसपास थोड्या साध्या माशा असणे हे आपल्या वाणाचे संरक्षण आहे. ऐकायला उलटे वाटेल, पण शिवारातली शेवटची साधी माशी संपली, की उरते ती सगळी तगणारीच. ज्या गावात शेजारी शेजारी वेगवेगळे वाण असतात, तेथे हा सरमिसळीचा लाभ आपोआप मिळतो. सगळा गाव एकाच वाणाचा झाला, की तो जातो.

माशीतली ही विविधता मोजण्यासाठी शास्त्रज्ञ एकेका मादीची संतती वेगवेगळ्या धानांवर वाढवून पाहतात. त्यामुळे पोंगे वाढण्याच्या आधीच, वस्तीत तगणाऱ्या माशा किती आहेत याचा अंदाज येतो. अलीकडे माशीच्या डीएनएमधील खुणा तपासून कोणत्या भागातल्या वस्त्या एकमेकींच्या जवळच्या आहेत, हेही पाहिले जाते.

प्रतिकारशक्ती आली कोठून?

आता दुसरी बाजू. माशीत विविधता आहे, तशी धानातही आहे, आणि आपले सारे भांडवल तीच आहे. जीएम १ हे जनुक ईश्वरकोरा या देशी धानातून आले. ए.आर.सी. ५९८४ हे धान आसाम भागातून गोळा केलेल्या संग्रहातले. आपल्या शेजारी रायपूरला डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगावची १९,००० च्या वर धानाची वाणे गोळा केली. तो ठेवा आज तेथील कृषी विद्यापीठाकडे आहे. रायपूरच्याच शास्त्रज्ञांनी २००० साली झिटपिटी नावाच्या धानात गादमाशीविरुद्धचे नवे जनुक नोंदवले. तेच पुढे जीएम ८ म्हणून ओळखले गेले. हे जनुक वरंगळच्या ४-एम माशीपुढेही टिकते. ज्या शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे धान राखले, त्यांना जनुक हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी राखले नसते, तर प्रयोगशाळेला शोधायला काही उरले नसते.

तलावाच्या काठी आणि बोडीत आपोआप उगवणारे रानधानही असेच आहे. छत्तीसगडात त्याला पसहर म्हणतात आणि कमरछठच्या उपासाला बायका त्याचा भात खातात. बांधीत ते शिरले, की डोकेदुखी होते, हे खरे. परंतु १९७० च्या सुमारास फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गवती खुजा या विषाणू रोगासाठी सहा हजारांहून अधिक धाने तपासली, तेव्हा प्रतिकारशक्ती सापडली ती एकाच नमुन्यात. तो नमुना उत्तर प्रदेशातून नेलेल्या ओरायझा निवारा या रानधानाचा होता. त्यातले जनुक पुढे आयआर ३६ सारख्या वाणांत आले आणि आशियातल्या लाखो हेक्टरांवर पसरले.

आज हे शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. भारतासह दहा देशांनी मिळून धानाच्या सुमारे ३९ कोटी अक्षरांच्या जनुकसंचाचे वाचन केले आणि ते २००५ साली प्रसिद्ध झाले. २०१८ साली ३,०१० धानांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा त्यांत एका अक्षराच्या फरकाच्या २.९ कोटी जागा सापडल्या. गादमाशीविरुद्धचे जीएम ३ हे जनुक २०१४ मध्ये आणि जीएम ४ हे २०१५ मध्ये नेमके ओळखण्यात यश आले. पूर्वी गादमाशी येण्याची वाट पाहून निवड करावी लागे. आता रोपाच्या पानाचा तुकडा तपासूनही जनुक आहे की नाही ते कळते.

एका दाराला दोन कुलपे

याचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे एका वाणात दोन जनुके एकत्र आणणे. एका जनुकावर मात करणारी माशी हजारात एक आणि दुसऱ्यावर मात करणारीही हजारात एक धरली, तर दोन्हींवर मात करणारी दहा लाखांत एक असेल. जीएम ४ आणि जीएम ८ असे दोन्ही एकत्र आणण्याचे काम संशोधन केंद्रांत झाले आहे.

मात्र येथे एक धोका आहे. दोन कुलपांचा वाण एका शिवारात आणि त्यातल्याच एका कुलपाचा वाण शेजारच्या शिवारात असेल, तर माशी पहिले कुलूप शेजारी उघडायला शिकते आणि आपल्याकडे येताना तिच्यापुढे एकच उरते. म्हणून वाणाची निवड हा एकट्याच्या बांधीचा प्रश्न राहत नाही. पाणीवाटप जसे सगळा गाव बसून ठरवतो, तसे हेही बसून ठरवायला हवे.

आपण काय करावे?

१. सगळ्या गावाने एकच वाण लावू नये. हलक्या, मध्यम आणि भारी धानांत वेगवेगळे वाण ठेवावेत. आपल्या भागातील गादमाशीसाठी कोणता वाण योग्य, ते साकोलीच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे.

२. रोवणी पाऊस साथ देईल तितकी लवकर करावी आणि शिवारातील रोवणी शक्यतो एकाच सुमारास उरकावी. उशिरा रोवलेल्या धानावर वाढलेल्या माशीचा सगळा मारा पडतो.

३. कापणीनंतर नांगरणी करून धसकटे गाडावीत. बांधीतले आणि पाटाकाठचे रानधान काढावे, कारण हंगाम नसताना माशी त्यावर जगते. तलावाच्या काठचे रानधान मात्र सरसकट नष्ट करण्याच्या मागे लागू नये.

४. नत्र खत शिफारशीएवढेच आणि हप्त्याहप्त्याने द्यावे. जादा नत्राने कोवळे फुटवे वाढतात आणि माशीचे फावते.

५. फवारणीआधी मोजणी करावी. बांधीत तिरपे चालत वीस चूड तपासावेत. त्यांत दोनशे फुटवे आणि दहा पोंगे आढळले, तर प्रमाण पाच टक्के झाले. ही आर्थिक नुकसानीची पातळी होय. जेथे गादमाशी दरवर्षीच येते, तेथे चौरस मीटरला एक पोंगा दिसला तरी सावध व्हावे. औषध कोणते, हे त्या हंगामाची विद्यापीठाची शिफारस पाहून ठरवावे. पूर्वी सर्रास वापरले जाणारे फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झाले आहे. ते कोणी देऊ केले, तरी घेऊ नये.

६. काही पोंगे उभे चिरून पाहावेत. आत एकच गुलाबी-लालसर अळी असेल, तर ती गादमाशीची. अळीच्या जागी बारीक दाणेदार कोषांचा पुंजका दिसला, तर ते प्लॅटीगॅस्टर ओरायझी या परोपजीवी कीटकाचे काम आहे. असे पोंगे जाळू नयेत. रोवणीनंतर दहा दिवसांनी दर दहा चौरस मीटरला एक या प्रमाणात परोपजीवीयुक्त पोंगे बांधीत ठेवल्यास हा मित्रकीटक पसरतो. या कीटकापुढे माशीचा जैवप्रकार कोणता, याला फारसे महत्त्व नाही.

७. प्रतिकारक वाणावर पोंगे दिसले, तर आधी झाड ओळखावे. पोंगे फक्त भेसळीच्या, वेगळ्या दिसणाऱ्या झाडांवर असतील, तर दोष बियाण्याचा. वाणाच्या खऱ्या झाडांवरही पाच टक्क्यांच्या वर पोंगे असतील, तर माशी बदलल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी पोंगे असलेले चूड मुळासकट, ओल्या मातीसह काढून केंद्रात आणावेत. सोबत वाणाचे नाव, बियाणे कोठून घेतले आणि रोवणीची तारीख लिहून द्यावी. वाळलेला पोंगा उपयोगाचा नाही. आत जिवंत अळी असली, तरच तपासणी होते.

८. घरी लुचई, चिन्नोर, दुबराज यांसारखे जुने धान असेल, तर निदान एका लहान बांधीत ते चालू ठेवावे. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे बाजारही अशा धानाला ओळखू लागला आहे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला आपले वाण नोंदवता येते आणि त्यासाठी त्याच्याकडून नोंदणी शुल्क घेतले जात नाही.

मंडळी, गादमाशी कायमची संपवणारा वाण कोणी देऊ शकणार नाही. आज जो वाण टिकतो आहे, तो किती वर्षे टिकेल, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. एक चांगला वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षे लागतात. सगळ्यांनी मिळून तो एकदम पसरवला, तर थोड्याच हंगामांत तो हातचा जाऊ शकतो. इतर वाणांच्या सोबतीने, परोपजीवी कीटकांना जपून आणि मोजणी करून लावला, तर तोच वाण पुढच्या पिढीच्याही उपयोगी पडेल. या खरिपाच्या रोवणीआधी गावात एक बैठक घ्या, कोणत्या बांधीत कोणता वाण लावायचा याची यादी करा आणि ती केंद्राला कळवा. पोंगे पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे काम स्वस्त आहे.